चिंबोरी छाप, किंमत शून्य

एप्रिल आला की माझ्या घरी दोन गोष्टी येतात. एक ताडगोळे, दुसऱ्या उत्तरपत्रिका. ताडगोळे आई अंजूरहून रिक्षावाल्याच्या हाती पाठवते, ओल्या फडक्यात गुंडाळून. उत्तरपत्रिका कॉलेज देतं, सुतळीने आवळून. भिवंडीत, नारपोलीतल्या या दोन खोल्यांत पंखा गरम हवा फिरवत असतो, खिडकीतून कापसाचे बारीक पुंजके आत येऊन लाल शाईला चिकटतात, आणि मी बीकॉमच्या मुलांच्या ताळेबंदांवर खुणा करत बसते. बाजूच्या गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असतात तोवर काम बरं होतं. लाइट गेली आणि ती खटखट थांबली की मात्र डोकं चालत नाही. आमच्या भागात शांतता झाली की झोपलेलं मूलसुद्धा दचकून उठतं.

दर वर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. ख्याती म्हणजे काय, आणि तिचा हिशेब कसा ठेवतात? मुलं पाठ केलेलं लिहितात. ख्याती म्हणजे व्यवसायाच्या नावलौकिकाचं पैशातलं मूल्य. ती अमूर्त मालमत्ता आहे. दिसत नाही, हाताला लागत नाही. पाचपैकी चार गुण मी देऊन टाकते, कारण उत्तर बरोबर असतं. पण देताना माझ्या अंगाचा तिळपापड होतो. दिसत नाही म्हणे! मी पाहिली आहे. हाताला लागत नाही? माझ्या आईच्या अंगठ्याला ती रोज लागायची.

आई गादीच्या खोळी आणि बाजाराच्या पिशव्या शिवायची. त्यासाठी लागायचं मांजरपाट, ते जाड, न धुतलेलं, पिवळट सुती कापड. भिवंडीत ते विणणारे चिकार, पण आई जायची याकूबशेठकडेच. त्यांच्या प्रत्येक ताक्याच्या, म्हणजे कापडाच्या गुंडाळीच्या, टोकाला निळ्या शाईत एक चिंबोरी छापलेली असायची, दोन्ही नांग्या वर केलेली. याकूबशेठचे वडील खाडीकाठचे. त्यांना खाडीतले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, फार आवडायच्या, म्हणून ती छाप. मी आईचं बोट धरून त्या कारखान्यात जायचे तेव्हा सुताला लावायच्या सायझिंगच्या कांजीचा आंबट वास दारातच नाकात शिरायचा, आणि आत गेल्यावर काय बोललं ते ऐकूच यायचं नाही. आई भाव विचारायची नाही. ताका हातात आला की ती त्याच्या किनारीवरून अंगठा फिरवायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

ती लाल दोरा शोधत असायची. याकूबशेठच्या कारखान्यात ताका विकायला काढण्याआधी टेबलावर पूर्ण उलगडायचे. त्यांच्या बायको, हमीदाचाची, उजेडाकडे तोंड करून तो डोळ्यांखालून घालायच्या. कुठे सूत तुटलंय, कुठे जाळी पडलीय, कुठे तेलाचा डाग आहे, तिथे किनारीला सुईने एक लाल दोरा ओवायचा. गिऱ्हाइकाला कापण्याआधीच कळावं की इथे खोट आहे. आणि प्रत्येक लाल दोऱ्यामागे एक हात कापड जास्तीचं द्यायचं, न मागता, न बोलता. कुणी म्हणेल, असं तर दुकानाचं दिवाळं निघेल. झालं उलटंच. लाल दोरे असलेले ताके बायका आधी उचलायच्या.

"सूत तुटलं तर तो लूमचा कसूर," याकूबशेठ म्हणायचे, "पण छुपवलं तर माझा. लूमला काय बोलणार? मला तर लोक बोलतील ना." त्यांची भाषा अशीच, कोकणी मुसलमानी घरातली मराठी, तिच्यात कारागिरांकडून आलेली हिंदी. मी त्यांना चाचा म्हणते. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा त्यांची मुलगी नसीम माझ्या वर्गात होती, आणि तेव्हापासून चाचा मला चिडवायला मॅडम म्हणायला लागले.

चाचांनी कारखाना विकला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नव्हतं. गुडघे गेले होते, सुताचे भाव आज एक तर उद्या दुसरे, विजेचं बिल हातात धरवत नव्हतं. मोठी कंपनी आली, नावाजलेली, काचेच्या ऑफिसवाली. तिच्याबरोबर मूल्यमापन करणारे दोघे लॅपटॉप घेऊन आले आणि कारखानाभर फिरले. त्यांनी लूम लिहिले, शेड लिहिली, गोदामातलं कापड लिहिलं. मग न दिसणाऱ्या गोष्टी लिहिल्या. चिंबोरीची छाप, गिऱ्हाइकांची यादी. या सगळ्याची बेरीज करूनही कंपनी देत होती ती रक्कम जास्त होती. ही वरची जी रक्कम उरते तिलाच आमच्या शास्त्रात ख्याती म्हणतात. मी चाचांना हे समजावलं तेव्हा म्हातारा लहान मुलासारखा हसला होता. "म्हणजे माझ्या नावाचे पैसे?" त्यांनी गल्लीभर मिठाई वाटली. लाल दोऱ्याबद्दल त्या दोघांनी काही विचारलं नाही. दोऱ्याचं रीळ टेबलावरच होतं, त्यावर त्यांनी चहाचे कप ठेवले होते.

इथे एक गोष्ट सांगते, जी वर्गात सांगताना माझा आवाज चढतो. चाचांच्या स्वतःच्या पुस्तकात ही ख्याती कधीच नव्हती. असूच शकत नाही. स्वतः कमावलेलं नाव स्वतःच्या ताळेबंदात मांडता येत नाही, असा नियम आहे. त्यामागे कारणही आहे. नाहीतर जो तो उठून आपल्या नावाची किंमत कोटींत लावेल. मान्य. पण त्याचा अर्थ असा की ज्या बाईने उभं आयुष्य उजेडाकडे डोळे लावून ताके तपासले, तिच्या घराच्या पुस्तकात त्या नावाला एक ओळही नाही. आणि ज्याने ते पैसे टाकून घेतलं, त्याच्याकडे ते मालमत्ता म्हणून दिमाखात बसतं. कमावणाऱ्याकडे काही नाही, घेणाऱ्याकडे इस्टेट. शिकवते मी हे. पगार घेते त्याचा.

कंपनीने पुढे त्या न दिसणाऱ्या गोष्टींना आयुष्य ठरवून दिलं. तीही रीत आहे. लूम झिजतो म्हणून त्याचा घसारा काढतात, तशी छाप आणि गिऱ्हाइकांची यादीही दर वर्षी थोडी थोडी झिजली असं धरून खर्चात टाकतात. छापेला दहा वर्षं दिली. गिऱ्हाइकांना पाच. माझी आई त्या यादीत होती. लग्न करून अंजूरला आली तेव्हापासून ती याकूबशेठचं कापड घेत होती आणि डोळे चालतील तोवर घेणार होती. कुणा टायवाल्याने तिला पाच वर्षांत संपवायचं ठरवलं. ख्यातीचं मात्र तसं नाही. ती दर वर्षी झिजवत नाहीत, तिची दर वर्षी परीक्षा घेतात. या धंद्यातून पुढे किती पैसा येईल त्याचा अंदाज बांधायचा, तो आजच्या किमतीत आणायचा, आणि तो पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी निघाला तर फरक तोट्यात टाकायचा. याला इम्पेअरमेंट म्हणतात. ख्याती जखमी झाली, असं धरा. जखमी कुणी केली, हे त्या परीक्षेत विचारत नाहीत.

केली कुणी ते मी सांगते. कंपनीने एक मॅनेजर पाठवला. शिकलेला, हुशार, कपड्यांना इस्त्री. त्याने टेबलावरचा लाल दोरा पाहिला आणि हादरला. आपल्याच मालावर आपणच खोटेची खूण करतो? वर कापड फुकट देतो? त्याने दोरा बंद केला, टेबल हलवून तिथे पॅकिंग सुरू केलं, आणि वाचलेल्या हातभर कापडांची बेरीज करून वर पाठवली. पहिल्या वर्षी ती बचत म्हणून दिसली. त्याला शाबासकीही मिळाली असणार.

आईने त्या उन्हाळ्यात नेहमीसारखा ताका आणला. छाप तीच, निळी चिंबोरी, उलट जास्त सुबक. किनारीवरून अंगठा फिरवला, दोरा लागला नाही. खूश झाली बिचारी. "एक बी खोट न्हाय ग यंदा," मला म्हणाली. कुणाच्या तरी लग्नाच्या गाद्या होत्या. खोळ कापून, शिवून, कापूस भरताना ऐन मधोमध जाळी उसवली आणि कापूस बाहेर आला. लग्नघरी बोलणी खाल्ली ती आईने. तिने पुन्हा त्या दारात पाय ठेवला नाही, आणि असं करणारी ती एकटी नव्हती. कुणी भांडायला गेलं नाही. बायका नुसत्या यायच्या थांबल्या.

मग तो मे महिना. त्याचीच आठवण मला दर वर्षी छळते. भर दुपार, लाइट गेलेली, मी भिजवलेला टॉवेल मानेवर टाकून पेपर तपासत होते. दारात चाचा आणि नसीम. चाचांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता, दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून आले होते. नसीमने मोबाइल माझ्यासमोर धरला. कंपनीचे वर्षाचे निकाल लागले होते आणि त्यात भिवंडी युनिटचं नाव होतं.

"मॅडम, मी वाचलं," नसीम म्हणाली. "पण अब्बूंना माझ्यावर विश्वास नाही. तुम्ही सांगा."

मी वाचलं. स्थानिक बाजारातील प्रतिकूल परिस्थितीमुळे भिवंडी युनिटची संपूर्ण ख्याती आणि छापेची उरलेली किंमत तोट्यात टाकण्यात आली आहे. युनिट बंद करण्यात येत आहे.

"काय लिवलंय?" चाचांनी विचारलं.

"तुमच्या नावाची किंमत त्यांनी शून्य केली, चाचा."

"शून्य?" ते म्हणाले. "अरे, लूम बिघडला तरी भंगारात काही येतं. मेरा नाम भंगारसे भी गया?"

मी सरबत करायला उठले. बर्फ नव्हता, पाणी कोमट. चाचांनी तसंच प्यायलं आणि म्हणाले, "आणि पुन्हा धंदा चालला तर? तर वाढवतील ना परत?"

"नाही. ख्याती एकदा खाली गेली की पुन्हा वर लिहिता येत नाही."

हाही नियमच. मी तो कितीदा फळ्यावर लिहिला असेल. त्या दुपारी पहिल्यांदा तो मोठ्याने बोलताना मला लाज वाटली.

आणि त्या निकालावर कंपनीच्या मोठ्या माणसाने काय सांगितलं? ही केवळ पुस्तकी नोंद आहे, यात प्रत्यक्ष पैसा खर्च झालेला नाही. ते वाक्य मी मोबाइलवर तीनदा वाचलं, संतापाने. खरंच आहे, तुमच्या खिशातून काही गेलं नाही! गेलं ते कारागिरांचं, जे आज त्याच शेडमध्ये खोके उचलतात, कारण शेडचं आता गोदाम झालंय. गेलं ते माझ्या आईचं, लग्नघरी. गेलं ते हमीदाचाचींच्या डोळ्यांनी कमावलेलं. यातलं काहीच नगद नव्हतं, म्हणून ते कुठल्याच पुस्तकात आलं नाही. उलट शेअरवाले म्हणाले, बरं झालं, ताळेबंद स्वच्छ झाला. आमची माणसं म्हणजे यांच्या ताळेबंदावरचा मळ, घासली आणि पुसली! आणि कारण काय दिलं तर स्थानिक बाजार. स्वतःच्या हाताने दोरा तोडायचा, आणि वर भिवंडीच्या बाजाराच्या नावाने बोटं मोडायची.

नसीमच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. तिला धंदा करायचा होता. नारपोलीत भाड्याचा गाळा बघितला होता, थोडे जुने लूम मिळत होते. तिला हवी होती फक्त छाप. "अब्बूंची चिंबोरी," ती म्हणाली. "त्यांच्याकडे शून्यच आहे ना, मॅडम? मग परत द्यायला काय जातं?"

किती सरळ प्रश्न! मला वाटलं, देतीलच. आम्ही तिघं त्या काचेच्या ऑफिसात गेलो. आत इतकी थंडी की चाचांनी रुमाल कानांवरून बांधला. समोर बसलेले साहेब सभ्य होते, पाणी विचारलं, चाचांना खुर्ची पुढे करून दिली. मी त्यांना त्यांचाच अहवाल दाखवला.

"सर, छापेची किंमत तुम्ही शून्य दाखवली आहे. तुम्ही ती वापरत नाही, युनिटही बंद. यांची छाप यांना परत द्या."

"मॅडम, तुम्ही तर अकाउंट्स शिकवता," ते हसून म्हणाले. "पुस्तकातलं शून्य म्हणजे मालकी गेली असं नाही ना. छाप आमच्या नावावर नोंदलेली आहे."

"पण तुम्हाला तिचा उपयोग काय?"

"आज नाही. उद्या कुणी मागितली तर? आता हेच मागतायत. म्हणजे किंमत आहेच की." त्यांनी नसीमकडे पाहिलं. "विकत घ्यायची असेल तर आम्ही मूल्यमापन करून घेऊ. त्याचा खर्च अर्जदाराने करायचा."

माझ्या डोक्यात सणक गेली. हिशेब दाखवताना शून्य, आणि मागायला आला की भाव! तोही कुणाला, तर ज्याच्या बापाने चिंबोरी काढून दिली त्याला. मी बोलले, बरंच बोलले, शेजारच्या टेबलांवरची माणसं वळून बघेपर्यंत. साहेब शांतपणे ऐकत राहिले. नियमाने ते बरोबर होते, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. चाचा उठताना फक्त म्हणाले, "जरा एसी कम करा साहेब, तुमचे लोक बीमार पडतील."

परत येताना खाडीवरून खारा, गरम वारा येत होता. पुलाशेजारी आगरी बायका ताडगोळे घेऊन बसल्या होत्या. चाचांनी रिक्षा थांबवायला लावली, डझनभर घेतले, आणि तिथेच उभ्याने सोलून आम्हाला एकेक दिला. साल नीट निघत नव्हती. आतलं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं. "आता ताक्यावर काय टाकू मी?" ते नसीमला विचारत होते. "बिना नावाचं कापड कोण घेईल, बेटा?"

नसीमने काहीच टाकलं नाही. गाळा घेतला, लूम लावले, ताका कोरा ठेवला. दाराजवळ एक लांब टेबल मांडलं, उजेडाकडे तोंड करून, आणि बाजारातून लाल दोऱ्याचं रीळ आणलं. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक येईना. मी आईला म्हटलं, चल. ती तयार नव्हती, लग्नघरचा अपमान ती विसरली नव्हती. "छाप कुटं हाय?" तिने गाळ्यात शिरताच विचारलं. नसीमचा चेहरा उतरला. पण आईने सवयीने ताका ओढला, किनारीवरून अंगठा फिरवत गेली, आणि मधेच थांबली. अंगठ्याखाली लाल दोरा होता. तिने तो ताणून पाहिला, मग कापड वर धरून त्यापलीकडची जाळी पाहिली.

"याकूबशेटचाच हाय," आई म्हणाली. "दे बांधून. आन् ह्या दोऱ्याचा एक हात जास्ती."

नसीमने कापडाचा हात मोजला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. चाचा आत खुर्चीवर बसून उगाच चष्मा पुसत होते.

आज तो गाळा चालतो. दर वर्षी नसीमची पुस्तकं मी बघून देते. ख्याती या नावाची ओळ त्यात नाही, असणारही नाही, आणि तरी अंजूरपासून बायका रिक्षा करून येतात. पण छाप मिळालेली नाही. चाचांनी चिंबोरीचा जुना लाकडी ठोकळा पुसून, तेल लावून, खुर्चीशेजारच्या फळीवर ठेवलाय. वापरला तर नोटीस येईल. त्यांच्या हयातीत तो पुन्हा शाईत बुडेल की नाही हे मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं मला सहन होत नाही.

परवा ताडगोळे पोचवायला मी गाळ्यात गेले, तर तिथे एक तरुण माणूस उभा होता. गळ्यात त्याच कंपनीचं ओळखपत्र. कंपनी पुन्हा मांजरपाटात उतरतेय म्हणे, आणि त्यांनी बाजारात चौकशी केली तर जिथे तिथे लाल दोऱ्याचं नाव निघतं.

"याचं काही रजिस्ट्रेशन केलंय का तुम्ही?" त्याने विचारलं. "आम्ही योग्य किंमत देऊ. तुमच्या वडिलांनाही पूर्वी दिली होती."

नसीमने कात्री खाली ठेवली. "आधी आमची छाप द्या."

"ते माझ्या हातात नाही, मॅडम. त्याचं मूल्यमापन करावं लागेल."

चाचा खुर्चीवरून उठले, टेबलाला धरत धरत त्याच्यापर्यंत आले आणि रीळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ले जाव," ते म्हणाले. "बाजारात दहा रुपयाला मिळतं, तुला फुकट. पण जिथे जिथे बांधशील ना बेटा, तिथे एक हात कापड द्यावं लागतं. ते तुझ्या साहेबाला विचारून ये."

त्या पोराने तळहातावरच्या रिळाकडे पाहिलं. मग त्याने ते हळूच टेबलावर परत ठेवलं आणि बाहेर उन्हात निघून गेला.